लग्नाची फुले मुहूर्ताआधीच का माना टाकतात? या चुका टाळा

लग्नघरात शालू, दागिने, जेवणाचा बेत हे सगळे महिनाभर आधी ठरते. फुलांचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि डेकोरेटरला 'भरगच्च करा' एवढेच सांगून मिटवला जातो. फुले बिघडतात ती बहुधा वेळ चुकल्यामुळे. प्रत्येक फुलाचे घड्याळ वेगळे असते, म्हणून मुहूर्ताच्या तासापासून मागे मोजत यायचे आणि मग ऑर्डर द्यायची.

चूक १: सगळी फुले एकाच फेरीत आणणे

'लग्न रविवारी, म्हणजे शनिवारी मार्केट यार्डात जाऊन सगळे उचलू' हा बेत सोयीचा वाटतो, पण त्यात निम्मी फुले फसतात. लिलीच्या कळ्या पूर्ण उमलायला ३ ते ५ दिवस लागतात. ती शनिवारी घट्ट कळीत आणली तर मांडवात हिरव्या काड्याच दिसतील. लिली बुधवारी-गुरुवारी घ्यावी आणि काडीवरच्या सर्वांत खालच्या कळीला रंग चढलेला पाहूनच घ्यावी. डच गुलाब आदल्या दिवशी पहाटे. झेंडू आणि शेवंतीही आदल्या दिवशी चालतात. जरबेरा शक्यतो आदल्या संध्याकाळनंतर. मोगऱ्याचा गजरा ज्या दिवशी माळायचा त्याच दिवशीचा.

गुलाब निवडताना पाकळ्यांच्या रंगावर जाऊ नका. फुलाचा तळ, म्हणजे देठाला लागूनचा भाग, दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. तो टणक लागला तर फूल ताजे, भुसभुशीत लागला तर ते आधीच दोन-तीन दिवस कुठेतरी पडून आहे. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या किंचित कोमेजलेल्या असल्या तर हरकत नाही. आतल्या फुलाला वाचवायला त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, सजवताना काढून टाका.

चूक २: हंगाम आणि वार न पाहता फूल ठरवणे

तुळशीच्या लग्नानंतर पुण्यात लग्नसराई सुरू होते तेव्हा शेवंती आणि ॲस्टर ऐन बहरात असतात, तर मोगरा दुर्मीळ. तरीही मार्गशीर्षातल्या लग्नात मोगऱ्याच्या गजऱ्याचा हट्ट होतो आणि बारीक, अर्धवट कळ्यांना दुप्पट पैसे जातात. थंडीत कागड्याचा गजरा किंवा शेवंतीची वेणी घ्या. अबोली घातली तर वास येत नाही, पण ती दिवसभर टवटवीत राहते. मोगरा खरा वैशाखातल्या लग्नाचा.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचे व्रत असते, त्यामुळे बुधवारी बाजारात सुट्या फुलांचे भाव चढतात. गुरुवारचा किंवा शुक्रवारचा मुहूर्त असेल तर झेंडू-शेवंती मंगळवारीच बोलून ठेवावी. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लाल गुलाबाचेही तसेच. मावळ-तळेगावच्या पॉलिहाउसमधला चांगला माल १४ फेब्रुवारीसाठी बाहेर जातो आणि उरलेला महाग मिळतो. त्या दिवसांत पांढरा किंवा पिवळा गुलाब, कार्नेशन आणि गुलछडी यांवर सजावट उभी करणे शहाणपणाचे.

चूक ३: गड्डी आणली तशी बादलीत ठेवणे

सर्वांत जास्त फुले इथे मरतात. तोडल्यावर देठाच्या तोंडात हवा शिरते, आणि जुन्या बादलीतले जिवाणू तिथे चिकट थर धरतात. देठ तुंबला की बादली भरलेली असूनही फूल तहानेने मान टाकते.

आधी बादली साबणाने घासून घ्या. गड्डीचे रबर आणि कागद काढा. पाण्याखाली येणारी सगळी पाने खुडा, कारण बुडालेले पान कुजते आणि पाणी नासवते. मग धारदार सुरीने देठ २ ते ३ सेंटीमीटर तिरका कापा. कात्री बोथट असेल तर ती देठ चेंगरते, म्हणून सुरीच बरी. कापल्यावर लगेच पाण्यात. गुलाबाला निम्म्या देठापर्यंत पाणी द्या आणि निदान ३-४ तास सावलीत, वारा नसलेल्या खोलीत उभे ठेवून मगच सजावटीला घ्या. पाणी रोज बदला आणि बदलताना देठ पुन्हा थोडा कापा.

जरबेऱ्याचे तंत्र उलटे. त्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो, खोल पाण्यात तो कुजतो. त्याला ५ ते ८ सेंटीमीटर पाणी पुरे.

पाण्यात नुसती साखर घालण्याची सवय सोडा. साखरेने फुलाइतकेच जिवाणूही पोसतात. फुलवाल्याकडे फ्लॉवर फूडची पुडी मिळते, तिच्यात साखरेबरोबर जिवाणू रोखणारे द्रव्य असते. ती नसेल तर स्वच्छ साधे पाणी बरे.

चूक ४: फुले घरच्या फ्रीजमध्ये कोंबणे

गुलाब थंडीत खूश असतो. ऑर्किड आणि अँथुरियम उष्ण प्रदेशातली फुले. १० अंशांखाली ती काळवंडतात, पाकळ्या ओल्या कागदासारख्या पारदर्शक होतात, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. ती खोलीतल्या गारव्यातच ठेवा.

दुसरा धोका फळांचा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो फुलांना म्हातारे करतो. वैशाखातल्या लग्नघरात एका खोलीत आंब्याची आढी आणि तिथेच कार्नेशनच्या बादल्या, हे दृश्य नेहमीचे. सकाळी कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटलेल्या सापडतात आणि दोष फुलवाल्याला जातो. आंबे, केळी आणि फुले वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. फ्रीजमध्येही फळांचा कप्पा रिकामा करूनच फुले ठेवा.

चूक ५: गजऱ्यावर पाणी मारत राहणे

मोगरा पहाटे कळीत तोडतात आणि तो संध्याकाळी उमलतो. दुपारच्या मुहूर्ताला गजरा घट्ट, पांढऱ्या, टपोऱ्या कळ्यांचा हवा. गोरज मुहूर्त किंवा रात्रीचे रिसेप्शन असेल तर त्याच कळ्या केसांत आपोआप उमलतात आणि वासही तेव्हाच सुटतो. आदल्या रात्री उमललेला गजरा जपून ठेवण्यात अर्थ नाही, सकाळी त्याच्या कडा तांबूस झालेल्या असतात.

उमललेल्या मोगऱ्यावर पाणी साचले की तो डागाळतो. गजरे ओलसर, पिळून घेतलेल्या सुती फडक्यात किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका. झेंडूलाही हेच लागू. पावसात भिजलेला झेंडू गोणीत दाबून ठेवला की आत ऊब धरते आणि बुडाकडून कुजतो, वरून मात्र छान दिसतो. आणल्या आणल्या चादरीवर पसरा.

तोरणाचा अंदाज: मध्यम झेंडूची सलग ओवलेली १ मीटर माळ साधारण ३५ ते ४० फुले घेते. आंब्याची पाने मध्ये घातली तर फुले कमी लागतात.

चूक ६: हार फेट्यात अडकतो

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, आणि नवऱ्याच्या फेट्याच्या तुऱ्यात हार अडकतो. कारण साधे आहे. हाराचे माप फेट्याशिवाय घेतलेले असते. पदकाच्या वर दोन्ही सर जिथे जोडलेले असतात, तिथून वरचा मोकळा घेर फेट्याच्या घेरापेक्षा निदान दोन विती जास्त हवा. नाहीतर मागे हुक असलेला, उघडणारा हार सांगा. लांबी दोऱ्याने मोजून तो दोराच फुलवाल्याला द्या, 'कमरेपर्यंत' या शब्दावर सोडू नका.

हार टांगून ठेवला तर दोरा ताणतो आणि वरच्या बाजूला फट पडते. करंडीत आडवा, सैल वेटोळे करून ठेवा. पाण्याचा शेवटचा फवारा मुहूर्ताच्या अर्धा तास आधी, तोही हलका. चिंब हार जड होतो आणि दबलेल्या लाल पाकळ्यांचा रंग रेशमावर उतरतो. शालू फिकट असेल तर लाल गुलाबाऐवजी गुलछडी आणि फिक्या गुलाबी फुलांचा हार आम्हाला जास्त पटतो. जरीची तार ओवलेली असेल तर तिची टोके आत वळवली आहेत का, ते बोट फिरवून पाहा.

खऱ्या फुलांच्या मुंडावळ्या सुंदर दिसतात, पण होमाच्या धगीपुढे त्या दोन-तीन तासांत सुकतात. त्या गुलछडीच्या बारीक कळ्यांच्या करा, आणि मोत्यांची एक जोडी पर्समध्ये असू द्या.

चूक ७: ओॲसिस आणि होम

हिरवा ओॲसिस, म्हणजे फुले खोचायचा पाणी शोषणारा फोमचा ठोकळा, पाण्यात हाताने दाबून बुडवला की बाहेरून ओला आणि आत कोरडा राहतो, आणि त्यात खोचलेली फुले दुपारीच सुकतात. पाण्यावर नुसता सोडा, तो स्वतः पिऊन खाली जाईल. खोचलेली काडी बाहेर ओढून पुन्हा त्याच भोकात घालू नका, तळाशी पोकळी राहते. वापरलेला ओॲसिस कुजत नाही, म्हणून तो निर्माल्यात जाऊ देऊ नका.

होमकुंडापासून मीटरभरात नेटचे कापड, सुकलेली जिप्सोफिला (गुच्छात घालतात ती बारीक पांढरी फुले) किंवा प्लॅस्टिकची फुले नकोत. ती क्षणात पेट घेतात.

ऐनवेळी बिघडलेच तर

गुलाबाने मान टाकली असेल तर देठ पुन्हा कापा आणि अख्खे फूल काडीसकट पाण्यात आडवे बुडवून अर्धा ते एक तास ठेवा. बरेचसे गुलाब सावरतात. जरबेरा वाकला असेल तर वर्तमानपत्रात सरळ, घट्ट गुंडाळून तासभर थोड्या पाण्यात उभा करा. तुटलेल्या हारासाठी सुई आणि दुहेरी सुती दोरा करवलीच्या हाती देऊन ठेवा.

लिलीच्या फुलातले तपकिरी परागकोश फूल उमलताच चिमटीने काढायचे असतात. ते राहिले आणि शालूवर पराग सांडला, तर पाणी लावू नका आणि चोळूही नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून पराग उचलून घ्या, मग शालू थेट ड्रायक्लीनला द्या आणि डाग लिलीचा आहे हे तिथे सांगा.