सॅक हलकी कशी करावी: आधी ‘असू दे’चं वजन काढा

ठाण्यात नौपाड्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीचं दुकान आहे. हरिश्चंद्रगडाहून परतल्यावर दोन दिवस जिना उतरताना माझे गुडघे कुरकुरत होते. तिसऱ्या दिवशी मी सॅक होती तशी पुन्हा भरली आणि त्या दुकानातल्या काट्याला लटकवली. साडेसोळा किलो! रद्दीवाल्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ‘ताई, सगळंच द्यायचंय का?’

एका रात्रीच्या मुक्कामासाठी साडेसोळा किलो. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर नको, असा ढोबळ हिशोब ट्रेकर मंडळी धरतात. माझं वजन ५४ किलो, म्हणजे पाणी-खाण्यासकट पावणेअकरा किलो ही माझी हद्द. वरचे पावणेसहा किलो कुठून आले, ते शोधताना कळलं की त्यातलं बरंचसं ओझं आमच्या घरातल्या एकाच वाक्यातून आलंय: ‘अगं, असू दे, लागलं तर?’

म्हणून पहिलं सांगणं असं की दुकानात जाऊ नका. हलकं सामान महाग असतं आणि जे सामान मुळात न्यायचंच नाही, त्याची हलकी आवृत्ती विकत घेण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही.

पायरी १: काटा आणि वही

स्वयंपाकघरातला पाच किलोचा डिजिटल काटा पुरतो. प्रत्येक वस्तू वेगळी ठेवायची, ग्रॅममध्ये वजन लिहायचं. चार्जरची वायरसुद्धा. पाणी आणि खाणं सोडून जे उरतं ते तुमचं मूळ वजन. पाणी-खाणं वाटेत संपत जातं, मूळ वजन मात्र शेवटच्या पावलापर्यंत तेवढंच राहतं, म्हणून कात्री लावायची ती त्याला.

माझ्या वहीचं पहिलं पान अजून आहे. जादाची जीन्स ६८० ग्रॅम. टर्किश टॉवेल ४५०. त्याऐवजी पंचा, १२० ग्रॅम, आणि तो अर्ध्या तासात वाळतो. स्टीलची बाटली ३८०. एक लिटरची साधी प्लास्टिकची बाटली ३०. स्टीलचा डबा ४२०. दुसरी टॉर्च २१०. मोठी पॉवर बँक ४४०. भावाची छोटी मागून घेतली, ती बरोबर निम्मी. शाम्पू, क्रीम, अख्खी टूथपेस्ट मिळून २५०. एवढ्यातच अडीच किलोच्या आसपास गेले, रुपयाही न खर्चता.

पायरी २: पाणी आणि शिधा

हा खरा भारी भाग. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इथे कुठलीही महागडी खरेदी कामाला येत नाही. सह्याद्रीत किती पाणी न्यायचं ते ऋतू ठरवतो. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत वाटेत झरे, ओढे, गडावरची कातळात कोरलेली टाकी भरलेली असतात. लिटर-दीड लिटर भरलेलं आणि एक रिकामी बाटली एवढं पुरतं. वाटेत भरून घ्यायचं, क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. थेंबांची बाटली खिशात मावते एवढीच असते. मार्च ते मे मात्र टाकी आटतात. तेव्हा तीन-चार लिटर पाठीवर घ्यायचेच, तिथे हलकेपणाचा हट्ट करू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी पायथ्याच्या गावात ओळखीच्या कुणाला तरी फोन करून वर पाणी आहे का विचारा. त्या एका फोनने दोन किलो कमी होऊ शकतात किंवा वाढू शकतात; दोन्ही बरंच.

खाण्याचं उलट आहे. आपण काकड्या आणि संत्री हौसेने भरतो. शंभर ग्रॅम संत्र्यात पन्नासच्या आत कॅलरी, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. संत्री न्या, पण ती लोकलमध्येच संपवा. सॅकमध्ये राहू द्यायच्या त्या दशम्या, चिक्की, खजूर, फुटाणे, लसणीच्या चटणीची पुडी. डबे नकोत, सगळं कागदात किंवा पातळ कापडी पिशव्यांत.

आणि स्टोव्ह? माझं मत स्पष्ट आहे: एका रात्रीसाठी नकोच. एक तर गॅस किंवा रॉकेल असलं ज्वालाग्राही सामान रेल्वेच्या डब्यात न्यायला बंदी आहे आणि आपण निघणार कसारा किंवा कर्जत लोकलने. दुसरं म्हणजे हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा भाग १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथे चूल पेटवता येत नाही. तिसरं कारण सगळ्यात मोठं. पाचनई किंवा रतनवाडीसारख्या पायथ्याच्या गावात आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी गरम मिळते. मॅगीसाठी स्टोव्ह, गॅस, भांडं, चमचा, काडेपेटी असा दीड किलोचा संसार वाहून नेण्यापेक्षा गावातल्या एखाद्या ताईच्या हातची भाकरी खावी. तिच्या घरात चार पैसेही जातात.

पायरी ३: झोपायचं सामान

तंबू, स्लीपिंग बॅग आणि सॅक या तिघांत मूळ वजनाचा मोठा वाटा अडकलेला असतो, म्हणून पैसे खर्च करायचेच तर इथे.

तंबू लागतोच का, हे आधी ठरवा. साधा दोघांचा तंबू अडीच-तीन किलोचा असतो. सह्याद्रीत गुहा, देऊळ किंवा गावातल्या घराची पडवी बऱ्याचदा मिळते. काही गडांवर मुक्कामाला किंवा तंबूला मनाई असते, तेही गावातच कळतं. न्यायचाच असेल तर दोघांत वाटून घ्या, एकाकडे कापड, दुसऱ्याकडे दांडे आणि खुंट्या. तरीही पाहते तर बहुतेक ग्रुपमध्ये एकच बिचारा अख्खा तंबू वाहत असतो.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ लिहिलेलं बघा. ‘एक्स्ट्रीम’चा आकडा जीव कसाबसा तगेल एवढ्यापुरता असतो, झोप लागेल असा नाही. डिसेंबर-जानेवारीत गडमाथ्यावर पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पाच ते दहा अंश कम्फर्ट असलेली बॅग पुरते. उणे दहाची बॅग घेऊन हिमालयाची तयारी नाणेघाटात करू नये. पिसांची बॅग वजनाला हलकी, पण भिजली की तिची ऊब जाते. आपल्या पावसात आणि धुक्यात सिंथेटिकच बरी. एप्रिल-मेमध्ये बॅगच नको, पातळ चादर बास. सोलापुरी चादर घरी ठेवा. उबदार आहे, पण एकदा भिजली की ती तुम्हाला पांघरते की तुम्ही तिला, तेच कळत नाही.

खाली अंथरायला साधी फोमची मॅट घ्या. दिसायला ढोबळी, पण तीनशे-चारशे ग्रॅमच्या आत, आणि काट्याने पंक्चर होत नाही. उंच माणसाने ती कमरेपर्यंत कापली तरी चालते. पायाखाली रिकामी सॅक घालायची.

पायरी ४: सॅक सगळ्यात शेवटी

लोक सुरुवात इथून करतात आणि फसतात. मोठी सॅक घेतली की ती भरली जातेच. सत्तर लिटरची सॅक घेऊन रात्रीच्या शेवटच्या कसारा लोकलमध्ये ठाण्याला चढून बघा. ‘ओ मॅडम, ती बॅग पुढे घ्या’ कल्याणपर्यंत ऐकायला मिळेल. वरच्या तीन पायऱ्या झाल्या, की सगळं सामान एका खोक्यात रचा. एक-दोन मुक्कामांसाठी ते बहुधा ३५ ते ४५ लिटरमध्ये बसतं.

दुकानात सॅक रिकामी घालून आरशात बघू नका. घरून सात-आठ किलो सामान न्या, आत भरा, दहा मिनिटं चाला. मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड टोचतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतची लांबी मोजा, सॅकची पाठ तेवढ्या मापाची हवी. तुमची उंची किती, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. कमरेचा पट्टा हाडांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. बहुतेक ओझं कंबर पेलते, खांदे फक्त तोल सांभाळतात. माझ्या पहिल्या सॅकचा पट्टा पोटावर यायचा. दुकानदाराने ‘होईल सवय’ म्हणून ती गळ्यात मारली होती. सवय खांद्यांना झाली, दुखायची.

पायरी ५: कपडे आणि बूट

एक जोड अंगावर, एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी. तिसरा नाही. जीन्स आणि जाड सुती कपडे घाम आणि पाऊस पितात, वाळत नाहीत. पॉलिस्टरची ट्रॅक पँट आणि टी-शर्ट लवकर सुकतात. पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठ आणि सॅकच्या मधून आत उतरतं. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, जांभळी नाक्याला प्लास्टिकच्या दुकानांत मिळते, आणि तिचं तोंड पिळून दुमडा.

बुटांचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते दर पावलाला उचलावं लागतं. पाठीच्या तुलनेत चार-पाच पट, असं अभ्यासांत दिसलंय. घोट्यावर चढणारे भारी बूट ओढ्यात भरले की दिवसभर पाणी वाहतात. आपल्या कातळावर पकड महत्त्वाची. मराठी ट्रेकर वर्षानुवर्षं स्वस्तातले ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ घालतात ते सोलच्या पकडीसाठी. अमेरिकेतल्या एमा गेटवूड या आजींनी १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, तीन हजारांहून जास्त किलोमीटरची अ‍ॅपलेशियन वाट एकटीने पार केली: कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी आणि तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. आपण एवढं टोक गाठायची गरज नाही, पण दुकानात किंमत ऐकून घाम फुटला की आजी आठवाव्यात.

पायरी ६: कशाला हात लावायचा नाही

औषधांची पुडी, हेडटॉर्च, शिट्टी, विंडचीटर, चार्ज केलेला फोन. यांना वापरलं नाही म्हणून काढायचं नाही. औषधं, सुरी, दोरी या वस्तू ग्रुपमध्ये वाटून घ्या. चौघांत चार प्रथमोपचार पेट्या मी पाहिल्या आहेत आणि क्रेप बँडेज एकाही पेटीत नव्हतं. दोरी मात्र ती वापरता येणाऱ्यानेच न्यावी.

पायरी ७: भरा आणि चालून बघा

तळाशी झोपायचं सामान, जड वस्तू मध्ये आणि पाठीला लागून, पटकन लागणारं वर. मग निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेली सॅक घेऊन भल्या सकाळी उपवनपासून येऊर गावापर्यंत रस्त्याने चढून या. नाही तर आपल्याच इमारतीचा जिना तीन वेळा चढा-उतरा. उतरताना लक्ष द्या. गुडघे कुठे बोलतात, कुठला पट्टा घासतो, काय खुळखुळतं, ते तिथेच कळतं. शेजारचे काका ‘काय, लिफ्ट बंद आहे का?’ विचारतील, विचारू द्या.

ट्रेकहून आल्यावर सॅक एकदम रिकामी न करता एकेक वस्तू काढा आणि न वापरलेल्या वस्तूपुढे वहीत फुली मारा. दोन ट्रेकमध्ये दोन फुल्या, की ती वस्तू माळ्यावर. परवाच्या रतनगडाला माझी सॅक पाण्यासकट साडेनऊ भरली. तिच्यात आईने दिलेली सुंठीची डबी आहे, ९० ग्रॅम, चार ट्रेकमध्ये एकदाही उघडलेली नाही. तिच्यापुढे मी फुली मारत नाही.