पावसात चापडा दिसल्यास छायाचित्र कसे घ्यावे

आंबोलीत धबधबा टिपण्यासाठी थांबावे आणि शेजारच्याच फांदीवर मलबार चापडा वेटोळे घालून बसलेला दिसावा, असे पावसाळ्यात अधूनमधून घडते. हा विषारी साप भक्ष्याची वाट पाहत बराच वेळ जागचा हलत नाही. त्यामुळे घाई करू नये. प्रथम दोन मीटर मागे सरकून आसपासच्या फांद्याही न्याहाळाव्यात. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स सोबत असली तरी येथे दुरून टिपणारी ३०० मिमीची टेलिफोटो लेन्सच बरी. ढगाळ उजेड मऊ असतो, म्हणून फ्लॅश टाळून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० पर्यंत वाढवावा. मात्र शटरचा वेग शक्यतो १/२५० सेकंदाच्या खाली आणू नये, कारण साप स्थिर असला तरी सरींच्या माऱ्याने फांदी हलतच असते. फोकस डोळ्यावर ठेवावा. एका बाजूने चित्र घेतल्यास उभी बाहुली आणि डोळा व नाकपुडी यांमधील, उष्णता टिपणारी खाच स्पष्ट उमटते. सोबत्याने छत्री कॅमेऱ्यावर धरावी, सापावर नव्हे. खवल्यांवरचे थेंब हेच तर त्या चित्राचे वैभव. चांगल्या कोनासाठी काठीने डिवचणे हा निव्वळ आडदांडपणा होय. घरी परतल्यावर कॅमेरा कोरडा करून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा, अन्यथा लेन्सला बुरशी धरते.