पान उलटायची घाई नको: लहानग्यांच्या पुस्तकांबाबत या चुका टाळा

"पुस्तकं आणून दिली, पण तो हातच लावत नाही." वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत, माझ्या पडवीवर मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. संध्याकाळी मुलं येतात, सोबत कुणाची आई, कुणाची आजी. आठ-पंधरा दिवसांनी एकदा तरी ही तक्रार येतेच. मी आधी ते पुस्तक मागून घेते. चाळून बघितलं की बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो, आणि त्यात मुलाची चूक क्वचितच असते.

दोन वेगळी पुस्तकं, दोघांकडून एकच अपेक्षा

सगळ्यांत मोठी चूक हीच. चित्रपुस्तक वेगळं आणि नुकतं वाचायला लागलेल्या मुलाचं पुस्तक वेगळं. चित्रपुस्तक आपण वाचून दाखवायचं असतं. मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या कितीतरी पुढे असतात. त्यामुळे त्यात 'हिरमुसलं', 'गडगडाट', 'चिटपाखरू' असले शब्द आले तरी बिघडत नाही, उलट ते हवेतच. दुसऱ्या प्रकारचं पुस्तक मुलानं स्वतः वाचायचं. तिथे पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप, तेच शब्द पुन्हा पुन्हा आणि अर्थाला आधार देणारं चित्र लागतं. पहिल्या प्रकारचं पुस्तक साडेपाच वर्षांच्या मुलासमोर ठेवून "वाच बघू" म्हटलं की ते दुसऱ्या ओळीला पळून जाणार.

'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर वाचनाच्या चार पायऱ्या दिलेल्या असतात, त्या नीट बघाव्यात. पण पायरी बघून थांबू नका, पान उघडा. इंग्रजीत किंवा हिंदीत सोपं असलेलं पुस्तक मराठीत आल्यावर सोपं राहतंच असं नाही. इंग्रजीतल्या अगदी पहिल्या पुस्तकात हमखास भेटणारा कुत्रा मराठीत जोडाक्षर घेऊन येतो. चंद्र, सूर्य, पक्षी, पुस्तक या शब्दांचंही तेच. पानावर तीन ओळी असल्या तरी त्यात 'सूर्य' आणि 'पक्षी' असतील, तर जोडाक्षरं न शिकलेल्या मुलाला ते पान डोंगरासारखं वाटतं. त्याउलट आपल्या आजूबाजूचे शब्द बघा: फणस, नारळ, माड, वाळू, होडी, मासा, काजू, नदी, आजी. फणसाला तर काना-मात्राही नाही. किनाऱ्यावरच्या मुलासाठी पहिलं पुस्तक याच शब्दांतून उभं राहू शकतं. दुकानात तसं मिळालं नाही तर वहीच्या पानांवर आपणच करावं.

वेलांटीची गोष्ट खास सांगते, कारण तिथे मुलं उगाच बोलणी खातात. 'दिवा' या शब्दात वेलांटी दिसते आधी आणि उच्चारायची मात्र 'द'नंतर. 'इदवा' वाचणारं मूल डावीकडून उजवीकडे, दिसतं तसं प्रामाणिकपणे वाचत असतं. त्याला "नीट बघ" म्हणून उपयोग नाही, ते नीटच बघतंय. वेलांटी आणि 'द' या दोन्हींवर मिळून एक बोट ठेवा, आणि 'दि' एकदम म्हणा. चार-आठ दिवसांत बसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. हिंदी वळणाच्या टाइपात छापलेल्या पुस्तकांत 'ल' आणि 'श' वेगळे दिसतात. मराठीचा 'ल' पाकळीचा. २००९ साली शासनानं मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढला, त्यात ही वळणं ठरवून दिलेली आहेत. मोठ्या माणसाला फरक जाणवतही नाही, पण शाळेत एक 'ल' आणि पुस्तकात दुसरा 'ल' बघून पहिलीतलं मूल अडखळतं. पुस्तक घेताना ही दोन अक्षरं तेवढी तपासा.

पुस्तक जड आहे की बरोबर, हे ठरवायला मी एक साधी खूण वापरते. एका पानावर मूल तीनदा अडलं, तर ते पुस्तक आज मी वाचते. तीन महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा त्याच्या हातात देते.

ओळी संपल्या म्हणजे पान संपलं असं नाही

गेल्या पावसाळ्यात शेजारची एक चार वर्षांची चेडू (आमच्या मालवणीत मुलगी) आजीच्या मांडीवर बसून पुस्तक ऐकत होती. आजी भरभर वाचत होत्या. पानावर दोनच ओळी: मुलगा शाळेत निघाला, आईनं डबा दिला. आजींनी पान उलटायला घेतलं तर पोरीनं त्यावर अख्खा पंजा दाबून धरला. "आजये, थांब मगे. ता माजर बघ!" दाराच्या फटीतून एक मांजर डब्याकडे बघत होतं. गोष्टीत त्याचं नावही नव्हतं. मागच्या पानावर जाऊन बघितलं तर तेच मांजर कौलावर. त्याच्या आधी विहिरीच्या काठावर. आजी थक्क झाल्या. पुढची दहा मिनिटं दोघी पहिल्या पानापासून मांजरच शोधत होत्या. शेवटच्या पानावर ते शाळेच्या पायरीवर झोपलेलं सापडलं, तेव्हा पोर हळूच म्हणाली, "ता तेच्या वांगडाच गेला." ते त्याच्यासोबतच गेलं. लिहिलेल्या गोष्टीच्या खाली चित्रकारानं दुसरी गोष्ट सांगितली होती, आणि चौघांच्या घरात ती फक्त त्या पोरीनं वाचली.

चित्रपुस्तकात अर्धं काम चित्र करतं. म्हणून वाचण्याआधी मुखपृष्ठावर थांबा, मग पहिल्या पानावर थांबा. पान उलटायचं काम मुलाकडेच द्या. "हे काय आहे?" एवढंच विचारत राहिलं तर मूल नावं सांगून मोकळं होतं. "हा रडतो कित्याक (कशाला)?", "आता काय होईल?", "मांजर कुठे चाललंय?" असं विचारलं की ते बोलायला लागतं. प्रश्नही रेटू नयेत. दोन-तीन पानांत एक पुरे, आणि उत्तर नाही आलं तर आपणच सांगून पुढे जावं.

"बोंडू नाही, मिरची म्हण"

एका चित्रात भाजीची टोपली होती, वर लालबुंद ढोबळी मिरची. अडीच वर्षांच्या मुलानं बोट ठेवलं: "बोंडू!" आकार, रंग, तकाकी सगळं काजूच्या बोंडासारखंच, आणि त्याच्या परसात काजूच आहेत. आईनं लगेच दुरुस्त केलं. पुढच्या पानावर तो गप्प.

त्यानं किती पक्कं निरीक्षण केलं होतं! "होय रे, बोंडवासारखीच दिसते. ही ढोबळी मिरची" इतकं पुरलं असतं. घरात मालवणी बोलणारं मूल पुस्तकाच्या भाषेत एक नवी भाषाच ऐकत असतं. पुस्तकात 'खेकडा' असेल तर एकदा 'कुर्ली' म्हणा, मग 'खेकडा' वाचा. वाक्य पुस्तकातलं, समजावणं घरातलं. यानं मुलाची मराठी बिघडते ही भीती मनातून काढून टाका. त्याला आता एकाच वस्तूचे दोन शब्द येतात, एवढाच फरक पडतो.

ही वाट कोकणानंच दाखवलेली आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला किनाऱ्यावर बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते कोसबाडला नेलं. तेव्हा महागड्या साधनांच्या जागी त्यांनी पानं, फुलं, बिया, खडे, शंख-शिंपले वापरले. आपल्या घरातलं पहिलं चित्रपुस्तकही तसंच करता येतं. आठ कागद दुमडा, मुलानं आणलेल्या आठ वस्तू काढा किंवा चिकटवा, खाली एकेक शब्द लिहा. मूल ते सर्वांत आधी वाचतं, कारण आत काय आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं.

तात्पर्य, पाठांतर आणि मोबाइल

गोष्ट संपल्यावर "यावरून काय शिकलास?" विचारू नका. परीक्षेचा वास मुलाला लगेच येतो. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर कंटाळा न करता वाचा, शब्द पुनरावृत्तीनंच मुरतात. पाठ झालेलं पुस्तक मूल 'वाचून' दाखवत असेल तर "हे पाठ आहे, वाचन नव्हे" असं म्हणून त्याचं मन मोडू नका. ओळीखालून त्याचं बोट फिरवत न्या, म्हणजे तोंडातला शब्द आणि कागदावरचा शब्द हळूहळू जुळतात.

प्रथम बुक्सच्याच 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५पासून खुल्या परवान्याची पुस्तकं मोफत मिळतात, मराठीतही भरपूर आहेत. पण ती मोबाइलवर दाखवून मोकळं होऊ नका, छापून घ्या. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलं तर ओल्या बोटानं रंग फुटतात. झेरॉक्सच्या दुकानातला लेझर प्रिंट आपल्या हवेत टिकतो.

एवढं करूनही दुसरी-तिसरीतलं मूल पुस्तक डोळ्यांशी नेत असेल, ओळी गाळत असेल किंवा हाक दुसऱ्यांदा मारावी लागत असेल, तर शिकवणी लावण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.

कपाटात जपलेली पुस्तकं

"फाडेल म्हणून वर ठेवलंय" हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. बंद कपाटात भिंतीला चिकटून ठेवलेलं पुस्तक मूल फाडण्याआधी बुरशी आणि कसर खातात. हाताळलेलं पुस्तक जास्त टिकतं, कारण त्याला वारा लागतो. वर्षाच्या आतल्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्या, तो ती चघळणारच. डांबराच्या गोळ्या मात्र मुलांच्या पुस्तकांत कधीही ठेवू नका. त्या गोळी-चॉकलेटसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी असतात.

बुरशी धरली तर पुस्तक अंगणात नेऊन कोरड्या मऊ फडक्यानं झटका, ओलं फडकं लावू नका. आर्ट पेपरचं पुस्तक भिजलं तर वाळायची वाट बघू नका. त्या गुळगुळीत कागदावरचा थर वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटवतो. ओलं असतानाच पानं सोडवून मध्ये मेणकागद घाला. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं सोडवा.

आणि पिना. बहुतेक पातळ चित्रपुस्तकं मधोमध दोन पिनांवर असतात, आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत त्या गंजतात. तांबडा डाग पसरतो, कागद कुजतो, मधलं पान सुटतं. मग लोक सेलोटेप लावतात, तो पिवळा पडून चिकट डाग सोडतो. पुस्तक नवं असतानाच मधलं पान उघडा, बोथट सुरीनं पिनेचे पाय उचलून ती काढा. घडीवर वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं दाभणानं पाडा. गोधडीचा जाड दोरा ओवून मधल्या भोकातून बाहेर जा, वरच्यातून आत या, आतूनच खालच्यातून बाहेर जा, मधल्यातून परत आत या. दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन त्यावर गाठ मारा. मांजराचं ते पुस्तक मी असंच शिवलंय. पोरीनं त्यासाठी लाल दोरा निवडला.