रिव्हॉल्व्हर की पिस्तूल: कुठला बिघाड तुम्हाला निस्तरता येईल?

‘नवख्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं, सराव असलेल्याने पिस्तूल’ हा सल्ला जिथेतिथे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. (रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या गोल सिलिंडरच्या भोकांत, म्हणजे चेंबरांत बसतात. पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात, आणि दर बारानंतर वरची स्लाइड मागे-पुढे होऊन नळीमागच्या एकाच चेंबरमध्ये नवं काडतूस भरते.) रिव्हॉल्व्हर भरायला, रिकामं करायला आणि तपासायला सोपं असतं. नेम साधून मारायला मात्र दोन्हींत तेच अवघड. पिस्तुलाचं उलटं. त्याचा ट्रिगर हलका, धक्का कमी, गोळ्या जास्त, पण हाताळण्यात चुकायच्या जागाही जास्त. म्हणून निवडताना यंत्रांची तुलना बाजूला ठेवा आणि आधी हे पाहा की हत्यार कोणाच्या हातात असणार आहे, तो माणूस महिन्यातून किती वेळा सराव करणार आहे, आणि यंत्र अडलं तर त्याच्या हातून काय होईल. कुठल्या प्रकारचं आणि कॅलिबरचं (गोळीच्या जाडीचं) हत्यार कायद्याने बाळगता येतं हे अर्थातच त्याही आधी पाहायचं.

पुढची प्रत्येक तपासणी (बार करायच्या चाचण्या सोडून) रिकाम्या हत्यारावर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून करायची. रिकामं आहे हे डोळ्यांनी पाहा, मग अंधारात कराल तसं बोटानेही चाचपून पाहा.

हाताची परीक्षा

डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर साधारण साडेचार ते साडेपाच किलो जोराने आणि लांबवर ओढावा लागतो, कारण त्याच एका ओढीत सिलिंडर फिरतो, हॅमर (काडतुसावर आघात घडवणारा घोडा) मागे जातो आणि सुटतो. स्ट्रायकरवर (हॅमरऐवजी आतल्या स्प्रिंगने पुढे झेपावणाऱ्या पिनवर) चालणाऱ्या आजच्या बहुतेक पिस्तुलांना अडीच किलोच्या आसपास जोर पुरतो. रिव्हॉल्व्हर स्वतः अर्धा किलोपेक्षा हलकं आणि ट्रिगर पाच किलोचा, तेव्हा बोट ओढताना सगळं हत्यारच एका बाजूला सरकतं. गोळी खाली किंवा बाजूला जाते ती बहुतेक वेळा यामुळेच.

घरच्या घरी बघायचं तर समोरच्या साइटवर (नेम धरायच्या उंचवट्यावर) एक नाणं सपाट ठेवा आणि ट्रिगर पूर्ण ओढा. सलग 10 वेळा नाणं न पाडता जमलं तर रिव्हॉल्व्हर तुमच्या हाताचं आहे. पाचव्या-सहाव्या ओढीला बोट थकून हत्यार थरथरू लागलं तर त्या हाताला ते शस्त्र नको. ‘हॅमर आधी अंगठ्याने मागे ओढला की ट्रिगर हलका होतो’ ही पळवाट खरी आहे, जोर दीड-दोन किलोवर येतो. पण घाबरलेल्या हातात ती धोक्याची आहे, कारण गोळी झाडायची गरज संपली तर ताणलेला हॅमर भरलेल्या चेंबरवर अलगद खाली सोडावा लागतो, आणि थरथरत्या अंगठ्याखालून तो निसटतो. (रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात झाल्यावर फुटणारी .22 काडतुसं चालवणाऱ्या हत्यारात रिकामा ट्रिगर ओढायचा नाही. फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते. डमी काडतुसं वापरा.)

पिस्तुलाची परीक्षा स्लाइड ओढण्याची. पुष्कळ जण ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढायला जातात आणि ‘जमत नाही’ म्हणून रिव्हॉल्व्हरकडे वळतात. चूक ताकदीची नसून पकडीची असते. पिस्तूल छातीजवळ आणा, डावा तळवा वरून टाकून चारही बोटांनी स्लाइडचा मागचा भाग घट्ट धरा, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने खालची चौकट पुढे ढकला. मग जोर बोटांचा न राहता छातीचा आणि खांद्याचा लागतो. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर तळवा येऊ देऊ नका, आणि स्लाइड सोडताना तिच्यासोबत हात पुढे नेऊ नका. ती स्वतःच्या स्प्रिंगने आदळली पाहिजे. असं सलग 10 वेळा जमलं तर प्रश्न मिटला. संधिवाताच्या हाताला तरीही जमत नसेल तर .380 कॅलिबरमधली खास हलक्या स्लाइडची पिस्तुलं मिळतात, ती पाहा. रिव्हॉल्व्हर हा अशा हाताला आपोआप उपाय ठरत नाही, कारण ज्या बोटांनी स्लाइड ओढवत नाही त्यांनाच पाच किलोचा ट्रिगर ओढायचा असतो.

पकडही दोन्हींची वेगळी आहे आणि एकीची सवय दुसरीवर नेली तर जखम होते. पिस्तुलावर दोन्ही अंगठे एकाच बाजूला, पुढच्या दिशेने टेकवतात. एक अंगठा मुठीच्या मागून आडवा गेला तर मागे येणारी स्लाइड त्याची कातडी सोलून काढते. रिव्हॉल्व्हरवर अंगठे दुमडून मुठीवरच ठेवायचे. तिथे सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये 0.1 ते 0.2 मिलिमीटरची फट असते आणि दर बाराला तिच्यातून पेटता वायू बाजूला सुटतो. त्या फटीशेजारी बोट असेल तर नुसतं भाजण्यावर भागत नाही. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचा झोत मांसापर्यंत चिरतो.

काय अडतं आणि का

ही निवड खरी इथे होते, म्हणून इथे जरा थांबू.

काडतूस फुटलं नाही तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं चेंबर समोर येतं. विचार करायचा नाही, दुसरा हात लागत नाही. पिस्तुलात तेच घडलं तर मॅगझिनच्या बुडाला तळव्याने जोरात ठोका, स्लाइड पूर्ण ओढून सोडा, मग पुढचं पाहा. सराव असलेल्याला याला दीड-दोन सेकंद लागतात. सराव नसलेला माणूस मात्र हातातल्या वस्तूकडे बघत उभा राहतो, हे लक्षात घ्या.

पिस्तूल अडण्याचं एक नेहमीचं कारण ढिलं मनगट. बार झाल्यावर स्लाइड चौकटीच्या तुलनेत मागे जायला हवी. मनगट सैल असलं तर चौकटही तिच्याबरोबर मागे येते, स्लाइडचा प्रवास अपुरा पडतो, आणि रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकते. ठोका-ओढा या उपायाने ती निघते. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून दुसरं काडतूस तिच्यावर घुसलं तर मात्र ठोकून काहीच होत नाही. तेव्हा स्लाइड मागे ओढून अडकवा, मॅगझिन जोर लावून खेचून काढा, स्लाइड तीनदा मागे-पुढे करा, मॅगझिन परत बसवा, पुन्हा स्लाइड ओढा. हे डमी काडतुसांवर, अंधारात, न बघता जमलं पाहिजे. आठवड्याला 10 मिनिटंसुद्धा देणार नसाल तर ते जमणार नाही, आणि मग पिस्तुलाच्या 15 गोळ्यांचा उपयोग पहिल्या अडथळ्यापर्यंतच.

आणखी एक गोष्ट झटापटीची. पिस्तुलाची नळी समोरच्याच्या अंगावर दाबली गेली तर स्लाइड दोन-तीन मिलिमीटर मागे सरकते आणि मग बहुतेक पिस्तुलं बार करायलाच नकार देतात. रिव्हॉल्व्हरला हा त्रास नाही. हॅमर आत झाकलेलं छोटं रिव्हॉल्व्हर कोटाच्या खिशातूनही पाचही गोळ्या झाडू शकतं. पिस्तुलाची स्लाइड तिथे कापडात अडकते. उलट, समोरच्याने रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मुठीत आवळला तर तो फिरत नाही, आणि फिरला नाही तर ट्रिगर ओढला जात नाही.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडत नाही’ ही मात्र दंतकथा. ते कमी वेळा अडतं, पण अडलं की हातात दुरुस्त होत नाही. मोजून चार ठिकाणी लक्ष ठेवा.

पहिलं, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचणं. चिमूटभर कणांनी सिलिंडर घासू लागतो आणि ट्रिगर जड होतो. जुन्या टूथब्रशने तिथे दर वेळी झाडा. दुसरं, पुंगळ्या काढताना एखादी त्याच चांदणीखाली सरकणं. नळी आभाळाकडे करून चांदणी ढकलणाऱ्या दांडीवर तळव्याचा एकच जोरदार फटका मारला तर सगळ्या पडतात. हळूहळू ढकललं तर अडकतात. तिसरं, ती दांडी पेचातून सैल होणं: सिलिंडर बंद असताना ती पुढे वाढते आणि मग सिलिंडर उघडतच नाही. चौथं फार कमी लोक तपासतात. अगदी हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का एवढा असतो की न झाडलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात, चेंबरबाहेर डोकावतात आणि सिलिंडर रोखतात. पाच भरा, चार झाडा, पाचवं काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करा. लांबीत फरक दिसला तर ते काडतूस त्या हत्यारासाठी बाद.

दोन्ही प्रकारांत एका आवाजापुढे सगळं थांबवायचं: धडाक्याऐवजी ‘फुस्स’ झालं आणि धक्का जाणवला नाही तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. मागून दुसरी गेली की नळी फुटू शकते. पिस्तुलात याचा धोका कपटी आहे, कारण शिकवलेला ठोका-ओढा हाच उपाय अशा वेळी नवं काडतूस बंद नळीमागे नेऊन ठेवतो. सरावाच्या मैदानावर काडतूस नुसतंच फुटलं नसेल तर नळी लक्ष्याकडे ठेवून 30 सेकंद थांबा. उशिरा फुटणारं काडतूस असतं. रिव्हॉल्व्हरमध्ये तर घाईने ट्रिगर पुन्हा ओढला की ते नळीसमोरून हललेल्या चेंबरमध्ये फुटेल. प्राणावर बेतलेलं असताना हा नियम बाजूला राहतो, सरावात नाही.

काडतूस

कायद्याने चालत असेल तिथे रिव्हॉल्व्हरसाठी .38 स्पेशल, पिस्तुलासाठी 9 मिलिमीटर. फारसा शोध घ्यायची गरज नाही. .357 मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये .38 स्पेशल चालतं (उलट कधीच नाही), त्यामुळे वजनदार .357 घेऊन त्यात .38 वापरणं हा नवख्यासाठी चांगला मार्ग आहे: एक किलोच्या आसपासचं लोखंड धक्का गिळून टाकतं. सर्वांत वाईट खरेदी म्हणजे पाव-अर्धा किलोचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर आणि त्यात मॅग्नम. काउंटरवर ते गोंडस दिसतं, दहा बारांनंतर माणूस सराव सोडतो.

बंद खोलीत कुठल्याही हत्याराचा बार 150 डेसिबलच्या वर जातो, आणि 140 पासूनच कानाला कायमची इजा होऊ शकते. आखूड नळीचं मॅग्नम यात सर्वांत वाईट. भिंतीपलीकडच्या माणसांसाठी पसरणारी, म्हणजे टोकाला खड्डा असलेली गोळी बरी. पूर्ण धातूचं आवरण असलेली गोळी आरपार जायची शक्यता जास्त. पण खड्ड्याच्या गोळीचं रुंद तोंड काही पिस्तुलांत चेंबरच्या उतरणीवर अडतं. रिव्हॉल्व्हरला गोळीचा आकार कसाही चालतो. म्हणून पिस्तुलात साध्या 200 आणि ठेवायच्या प्रकारच्या किमान 50 गोळ्या एकही अडथळा न येता झाडल्याशिवाय त्यावर भरवसा टाकू नका, आणि ही चाचणी प्रत्येक मॅगझिनची वेगळी करा. अडणाऱ्या पिस्तुलांत दोषी पुष्कळदा मॅगझिनच निघतं: वाकलेले ओठ, थकलेली स्प्रिंग. मॅगझिनांवर नंबर घाला म्हणजे कुठलं टाकायचं ते कळेल.

जुनं घेताना

रिव्हॉल्व्हरचा हॅमर प्रत्येक चेंबरसाठी अगदी सावकाश मागे ओढा. हॅमर पूर्ण मागे पोहोचेपर्यंत सिलिंडर ‘टक’ करून कुलूपबंद झालेला हवा. तो मागे राहत असेल तर वेळ चुकतेय, आणि गोळी नळीच्या कडेला घासून शिशाच्या चकल्या बाजूला उडतील. फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) सिलिंडर आणि नळीमधली फट मोजा, 0.25 मिलिमीटरच्या वर असेल तर सोडून द्या. सिलिंडर उघडून फिरवा, दांडी डगमगत असेल तर बहुधा कोणीतरी तो मनगटाच्या झटक्याने बंद करत आलेला आहे.

पिस्तुलात रिकामं मॅगझिन घालून स्लाइड ओढा, ती मागे अडकली पाहिजे. मॅगझिन बटण दाबताच स्वतःच्या वजनाने पडावं. सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, काही घडू नये. मग ट्रिगरवरून बोट काढून सेफ्टी उतरवा, तेव्हाही काही घडू नये.

घरात ठेवताना

महिनोन्‌महिने हात न लागणाऱ्या हत्यारासाठी माझं मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. वाळलेल्या तेलाने स्लाइडची गती मंदावते, सिलिंडरला तेवढा फरक पडत नाही. भरलेलं मॅगझिन ठेवल्याने स्प्रिंग मरते ही भीती मात्र फुकाची. ती झिजते ती वारंवार भरण्या-रिकामं करण्याने.

पिस्तुलाचा खरा घरगुती धोका वेगळाच आहे. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. चेंबरमधलं काडतूस तिथेच असतं, आणि त्या एकाने अपघात होतात. काही पिस्तुलं साफ करायला उघडताना ट्रिगर ओढावाच लागतो, हे धरून क्रम पक्का करा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड तीनदा, मग मागे अडकवून डोळ्याने आणि करंगळीने चेंबर. क्रम उलटला तर स्लाइड दर वेळी मॅगझिनमधलं नवं काडतूस आत भरत राहते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर बाहेर काढला की सगळी भोकं एका नजरेत दिसतात. घरातला दुसरा कोणी, कमी सरावाचा, कधीतरी ते हत्यार हाताळणार असेल तर हा एक मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करू शकतो.

मुलं असोत वा नसोत, भरलेलं हत्यार उशाखाली किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचं नाही. पाच-साडेपाच किलोचा ट्रिगर लहान मुलाला ओढता येणार नाही हा हिशेबही करू नका. दोन्ही अंगठे लावून मूल तो ओढू शकतं. भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने जखडलेली, आकडी बटणांची छोटी तिजोरी घ्या आणि ती दिवे बंद करून उघडायचा सराव हत्याराच्या सरावासोबतच करा. बॅटरीवर चालणारी असेल तर सेल दर सहा महिन्यांनी बदला आणि तिची यांत्रिक किल्ली तिजोरीच्या आत ठेवू नका.