जुनी सायकल दुरुस्त करायची की नवीन घ्यायची? या चुका टाळा

जुनी सायकल दाखवायला कोणी आलं की प्रश्न ठरलेला असतो, "हिच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का?" आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, तेसुद्धा भलत्याच गोष्टी बघून. कोणी गंज बघून ठरवतं, कोणी कुरकुर आवाज ऐकून, कोणी सीट फाटली म्हणून. चांगल्या स्टीलच्या फ्रेम भंगारात गेलेल्या मी बघितल्यात आणि तडा गेलेल्या फ्रेमवर नवीन टायर, नवीन सीट, नवीन घंटी लावून लोक वर्षभर फिरताना पण बघितलेत. दुसऱ्या प्रकाराने माझी झोप उडते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गंज आणि रंग बघून निकाल देणं

सायकलची किंमत फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) आणि चाकांत असते. बाकी सगळं बदलता येतं. त्यामुळे निर्णय घ्यायचा असेल तर आधी फ्रेम बघा, आणि फ्रेम बघायची म्हणजे लांबून बघायची नाही, ओल्या फडक्याने पुसून, उजेडात नेऊन, सायकल उलटी करून बघायची. तडे ठरलेल्या जागीच जातात: हँडलखालचा नळा आणि त्यातून तिरका खाली येणारा नळा जिथे जोडलेत तो जोड, क्रँकच्या (पेडल बसतं तो दांडा) आजूबाजूचे जोड, मागच्या चाकाकडे जाणारे दोन बारीक नळे, चाकाचा एक्सल बसतो त्या पट्ट्या, आणि सीटचा क्लॅम्प आवळतो तिथली चीर जिथे संपते ती जागा. चिमट्याचा वरचा खांदा पण बघा. हँडलखालच्या जोडाच्या मागे रंगाला सुरकुत्या किंवा नळ्याला फुगवटा दिसला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आपटलेली आहे, मालक काहीही म्हणो.

रेघ दिसली तर ओरखडा आहे की तडा हे कळायला तिथला रंग थोडा खरवडा. रंगाबरोबर रेघ गेली तर सुटलात. खालच्या धातूत रेघ तशीच असेल आणि नख अडकत असेल तर ती सायकल त्या क्षणापासून चालवायची नाही, "फक्त कोपऱ्यापर्यंत" पण नाही.

एका ओळखीच्या मुलाने हौसेने वडिलांची जुनी सायकल नवी करायला घेतली होती. अगदी मनापासून काम केलं त्याने, सगळं खोललं, घासलं, दोन हात रंग मारला, नवीन टायर आणले, नवीन पेडल आणले, आणि मग फक्त हँडल थोडं डुगडुगतंय म्हणून माझ्याकडे घेऊन आला. त्याच्या मते हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सैल होता. हेडसेट व्यवस्थित होता. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तर तिरक्या नळ्याच्या जोडापाशी नव्या कोऱ्या रंगात केसाएवढी रेघ उघडायची आणि मिटायची. घासताना त्याला तिथे तपकिरी रेघ दिसली होती, हे त्याने नंतर सांगितलं, त्याला वाटलं गंज आहे, त्याने पुट्टी भरली आणि वरून रंग मारला. स्टीलच्या तड्यातून गंज बाहेर येतो, ती तपकिरी रेघच खूण होती. सगळे पैसे, सगळी मेहनत खर्च झाल्यावर फ्रेम बाद. एवढंच पाच मिनिटं आधी बघितलं असतं तर टायर आणि पेडल दुसऱ्या फ्रेमवर चढले असते. घाई केली की असं होतं, रंग हा शेवटचा टप्पा असतो आणि सगळ्यांना सुरुवात तिथूनच करायची असते.

आता उलटी बाजू. नुसता वरवरचा गंज, बोटाला लागणारी लाल पूड, तो काही नसतो. बारीक पॉलिश पेपर, तेलाचं फडकं, झालं. भीती वाटायला हवी ती आतल्या गंजाची, कारण पाणी सीटपोस्टच्या (सीटखालचा दांडा) बाजूने आत उतरतं आणि क्रँकच्या घरात जाऊन बसतं. माझी सवय अशी की कुठलीही जुनी सायकल आली की आधी सीटपोस्ट काढायचा आणि फ्रेम उलटी करून हलवायची. थोडी लाल धूळ पडली तर ठीक, पापुद्रे पडायला लागले तर खालच्या नळ्यांवर स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटत जायचं, आवाज कुठे बद्द झाला तिथे टोक जोरात दाबून बघायचं. पत्रा दबला की विषय संपला.

तडा गेला तर काय? स्टील असेल तर जाणकार माणूस ब्रेझिंग (पितळेसारखा धातू वितळवून सांधणं) किंवा वेल्डिंग करून देऊ शकतो, पण फ्रेम त्या लायकीची असेल तरच. ॲल्युमिनियमला वेल्डिंग केलं की त्या जागेची ताकद जाते, परत हीट ट्रीटमेंट करावी लागते, ती कोणी करत नाही, म्हणून ॲल्युमिनियमची तडकलेली फ्रेम सोडून द्या. "टाका मारून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. कार्बनची दुरुस्ती होते पण ते काम करणारे वेगळे असतात, घरी एपॉक्सी फासून होत नाही.

सीटपोस्ट अडकला म्हणून हातोडा

ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरून तो जाम होतो. भेदक तेल टाका आणि थांबा. रात्रभर थांबा, परत टाका, परत थांबा. मग सीटच पकडून डावीउजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. लांब पाइप लावून जोर करणाऱ्यांनी फ्रेमचा नळा पिळलेला असतो, म्हणजे जी सायकल दुरुस्त होणार होती ती तपासणीतच मेली.

पेडल उलट्या बाजूला फिरवणं

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगळ्या सायकलींना. जोर लावण्याआधी पेडलवरचं एल किंवा आर अक्षर बघा, ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे गेले की इन्सर्ट (नव्या आट्यांची कडी) बसवावा लागतो नाहीतर क्रँकच बदलावा लागतो.

फक्त चेन बदलणं, आणि मग सायकललाच दोष देणं

हा माझा सगळ्यात जुना राग आहे. गिअरच्या सायकलची चेन वर्षानुवर्षं कोणी मोजत नाही, मग एक दिवस कुठेतरी वाचतात की चेन बदलावी, नवीन चेन आणतात, टाकतात आणि पहिल्याच चढावर जोर लावला की खट्ट! चेन दातावरून उडी मारते.

ऑफिसला रोज सायकलने जाणारे एक गृहस्थ आहेत, माणूस अतिशय काटेकोर, पण हातात धीर नाही. त्यांनी नवीन चेन टाकली आणि ती उड्या मारायला लागली. त्यांनी गिअरची केबल ताणली. तरी तेच. मग केबल आणि आउटर (केबलवरचं आवरण) दोन्ही बदलले. मग कोणीतरी सांगितलं डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वाकलाय, म्हणून डिरेलर बदलला. मग "चेन खराब निघाली" म्हणून दुसरी चेन. शेवटी वैतागून सायकल जुनी झाली, आता हिच्यात राम नाही असं ठरवून कवडीमोलाने विकली आणि नवीन घेतली. ज्याने ती घेतली त्याने मागचा फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच) बदलला, बस्स, आणि आजही तीच सायकल चालवतोय, दोन्ही नव्या चेनपैकी एक डब्यात स्पेअर म्हणून ठेवून.

झालं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्यावर ही वेळ येणार नाही. चेन लांबते म्हणतात तेव्हा लोखंड ताणलं जात नाही, प्रत्येक पिनपाशी धातू थोडा थोडा झिजतो आणि दोन पिनांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा किंचित वाढतं. दात पण त्या वाढलेल्या अंतराप्रमाणे झिजत जातात. जुनी चेन आणि जुने दात एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून काहीच जाणवत नाही. नवीन चेन मात्र बरोबर अर्ध्या इंचाची असते, तिला ते झिजलेले दात पकडू शकत नाहीत. नेहमी वापरात असलेल्या दोन-तीन चकत्यांवरच चेन उडते आणि न वापरलेल्या चकत्यांवर गुपचूप चालते, असं दिसलं की डिरेलरला हात लावू नका, दोष दातांचा आहे.

मोजायला फार काही लागत नाही. बारा इंचांहून थोडी लांब लोखंडी पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर धरा, चेन ताणलेली ठेवा. ती पिन पहिली धरून मोजलं तर २५ वी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर येते. १/१६ इंच पुढे गेली म्हणजे अर्धा टक्का झीज, आता चेन बदलली तर मागचे दात वाचतात. १/८ इंच पुढे गेली म्हणजे एक टक्का, आता फ्रीव्हील किंवा कॅसेट (तसाच चकत्यांचा संच, बसवायची पद्धत वेगळी) पण जवळपास गेलीच समजा आणि दोन्ही एकदम बदलायची तयारी ठेवा. ११ आणि १२ स्पीडला (मागे तेवढ्या चकत्या असलेल्या सायकलला) तर अर्ध्या टक्क्यालाच बदला, चालढकल करू नका. पुढच्या चकतीचे दात एका बाजूला कललेले, टोकदार झाले असतील तर ती पण यादीत घाला.

एकच गिअर असलेल्या साध्या सायकलला माझं मत वेगळं आहे. तिथे मागचं चाक मागे सरकवून चेन ताणता येते, त्यामुळे चेन आणि चकत्या शेवटपर्यंत एकत्र झिजू द्या आणि मग पूर्ण सेट बदला.

आणि चेनला गंज सोडवायचा स्प्रे मारून "ऑइलिंग केलं" म्हणणं थांबवा. तो स्प्रे पातळ असतो, आतलं तेल धुऊन काढतो आणि स्वतः टिकत नाही. चेनचं तेल प्रत्येक लिंकवर एक थेंब, थोडा वेळ पेडल फिरवा, मग बाहेरून फडक्याने पूर्ण पुसा. चिकट काळी चेन म्हणजे भरपूर तेल असलेली चेन असं नव्हे, धूळ दळणारी चेन असते ती.

चाकाकडे दुर्लक्ष

एक तार तुटली तर एक तार बदला, आउट (चाकाचं डुगडुगणं) काढा, पुढे चला. पण त्याच चाकाच्या तारा एकामागून एक तुटत असतील तर बाकीच्या पण थकलेल्या आहेत, सगळ्या बदलून चाक नव्याने बांधून घ्या. दर वेळी एक एक तार टाकत बसणं ही खोटी बचत आहे.

रिम ब्रेक असेल तर रिमच्या कडेवरून बोट फिरवा. ब्रेक जिथे घासतो तिथे खळगा लागला, किंवा झिजेची खूण म्हणून दिलेली बारीक खाच पुसली गेली असेल, तर रिम पातळ झाली आहे आणि हवा भरलेल्या टायरच्या दाबाने ती फाटू शकते. हब (चाकाचा मधला भाग) चांगला असेल तर त्याच हबवर नवीन रिम बांधता येते. हबमध्ये छर्रे आणि कोन (छर्रे जागेवर धरणारे भाग) बदलता येतात, पण आतल्या कपात खड्डे पडले असतील तर हब गेला.

जुन्या क्रोमच्या स्टील रिमवर पावसात ब्रेक लागत नाही. कितीही चांगलं ब्रेक रबर टाका, ओल्या क्रोमवर फार पकड मिळत नाही. जुनी सायकल ठेवायचीच असेल तर ॲल्युमिनियमच्या रिम बांधून घ्या, माझ्या मते जुन्या सायकलवर करण्यासारखा सगळ्यात चांगला खर्च हाच.

"२६ चा टायर द्या"

२६ च्या नावाखाली वेगवेगळे टायर येतात. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ म्हणजे टायर रिमवर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, २६ x १ ३/८ म्हणजे ५९०, आणि ते एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. २७ इंच म्हणजे ६३० आणि ७००सी म्हणजे ६२२. टायरच्या कडेवर ३७-५९० असे दोन आकडे असतात, त्यातला दुसरा आकडा जुळला पाहिजे. टायर बसत नाही म्हणून रिमला दोष देऊन चाकं टाकून दिलेली आहेत लोकांनी.

बिलाची बेरीज चुकीची करणं

चेन, फ्रीव्हील, टायर, ट्यूब, केबल, ब्रेक रबर हे सगळं झिजणारं सामान आहे, नवीन सायकल घेतली तरी काही काळाने हाच खर्च येणार आहे. त्यामुळे तो "जुन्या सायकलवर वाया गेलेला" खर्च म्हणून धरू नका. मी झिजणारं सामान बाजूला काढतो आणि उरलेला खर्च बघतो, म्हणजे चाकं, बीबी (क्रँक ज्यावर फिरतात ते बेअरिंग), हेडसेट, क्रँक. तो तशाच दर्जाच्या नव्या सायकलच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर नवीन घ्यायचा विचार करतो.

तशाच दर्जाच्या, हे महत्त्वाचं. चांगल्या जुन्या स्टीलच्या सायकलची तुलना स्वस्तातल्या, पुढे-मागे सस्पेन्शन लावलेल्या जड सायकलशी करू नका. त्या सस्पेन्शनला सुटे भाग मिळत नाहीत, पिव्होट (हलते सांधे) सैल होतात, आणि तीच सायकल घेऊन माणूस परत त्याच प्रश्नासह येतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही दुरुस्तीने सुटत नाही: माप. सीट योग्य उंचीवर आणायला पोस्ट किमान खुणेच्या वर ओढावा लागत असेल, किंवा दोन्ही पाय टेकवून उभं राहिल्यावर मधला नळा लागत असेल, तर सायकल कितीही उत्तम स्थितीत असो, ती तुमची नाही. मापाच्या माणसाला द्या.

टाकून देताना सगळंच टाकणं

फ्रेम बाद झाली म्हणजे सायकल बाद झाली असं नाही. चाकं, ब्रेक, क्रँक, सीट, चांगले नट आणि वॉशर काढून ठेवा. तडकलेली फ्रेम मात्र कोणाला तशीच देऊ नका, नवीन रंग मारून ती परत रस्त्यावर येते, म्हणून मुख्य नळा करवतीने कापूनच भंगारात घाला. काढलेल्या प्रत्येक सामानाला चिठ्ठी बांधा, टायरवरचा दुसरा आकडा, मागच्या हबची रुंदी, आणि सीटपोस्टचा व्यास, तो बहुतेक वेळा पोस्टच्या खालच्या भागावर कोरलेला असतो, २७.२ मिलिमीटर वगैरे. त्यात दशांशाचाही फरक चालत नाही, २७.० चा पोस्ट २७.२ च्या फ्रेममध्ये घालून क्लॅम्प आवळत बसलं की क्लॅम्पजवळ तडा जायचं काम तिथूनच सुरू होतं.