जैवविविधता दालनासाठी प्राण्यांचे नमुने मिळवताना या चुका टाळा

दालनाचं काम बहुतेक ठिकाणी प्राण्यांच्या यादीपासून सुरू होतं: बिबट्या, शेकरू, घोरपड, धनेश. पण आधी कागद जमवावेत. मृत प्राण्याच्या कातडीचा नमुना कितीही सुबक भरलेला असला, तरी तो कुठून आला याची नोंद नसेल तर मांडताही येत नाही आणि अभ्यासालाही उपयोगी पडत नाही.

'मेलेलंच तर होतं'

सगळ्यांत महागात पडते ती हीच समजूत. गाडीखाली आलेलं उदमांजर किंवा विजेच्या तारेला चिकटलेलं घुबड बेवारस वाटतं. पण वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२च्या कलम ३९ प्रमाणे मृत सापडलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता आहे. तो ताब्यात आल्यास ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याकडे कळवावं लागतं. त्यापेक्षा उचलूच नका. फोटो आणि नेमकं ठिकाण टिपा, १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा, पंचनामा होऊ द्या आणि मग नमुना मागा.

त्यासाठीची परवानगी कलम १२ खाली मिळते. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, महाराष्ट्रात म्हणजे नागपूरला. कायद्याच्या अनुसूची १ मधल्या (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतल्या) प्राण्यासाठी केंद्राची पूर्वपरवानगीही लागते, तेव्हा उद्घाटनाची तारीख ठरवून मग अर्ज करू नका. २०२२च्या दुरुस्तीत अनुसूच्या नव्याने लावल्या गेल्या आणि त्या १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. जुना तक्ता पाहून भरलेल्या अर्जात अनुसूचीच चुकते. वाघाची आशा धरूच नका: मृत वाघ शवविच्छेदनानंतर जाळून टाकण्याची कार्यपद्धती आहे. त्याऐवजी जुना नमुना उसना घ्या किंवा फायबरची प्रतिकृती करा.

जुन्या वाड्यांतली शिकारीची मुंडकी 'दान' म्हणून येतात, तीही मालकीचं प्रमाणपत्र पाहून आणि वनविभागाला विचारूनच घ्यावीत. बाजारात 'इंद्रजाल' म्हणून विकला जाणारा समुद्रपंखा, 'हत्ताजोडी' म्हणून खपवला जाणारा घोरपडीचा अवयव, सुकवलेला समुद्रघोडा, प्रवाळाचा तुकडा: यांतलं काहीही विकत घेणं हा गुन्हाच. फुलपाखरं आणि शंखसुद्धा अनुसूचीत आहेत, हे अनेकांच्या गावीही नसतं.

पहिले काही तास

नमुना बिघडतो तो भरणाऱ्याच्या हातात नव्हे, त्याच्याकडे पोचण्याआधी. कोकणातल्या उकाड्यात काही तासांत पोट हिरवं पडतं, कातडीचा वरचा थर सुटतो आणि केस मुठीने निघतात. मग काहीच करता येत नाही. पक्ष्याच्या घशात कापूस भरा, म्हणजे स्राव पिसांवर येत नाही. डोकं अंगालगत, पंख मिटलेले, शेपूट न दुमडता दोन पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे २० अंशांवर ठेवा. फ्रॉस्ट-फ्री (आपोआप बर्फ वितळवणारा) फ्रीजर टाळा. त्यात पाय, कान आणि ओठ सुकून आक्रसतात. एकदा गोठवलेला प्राणी पुन्हा वितळू देऊ नका. बिबट्याएवढं धूड तसंच गोठवलं तर फर थंडी आत पोचू देत नाही आणि पोट सडतं. ते ताजं असतानाच सोलावं लागतं. पशुवैद्यकांना आधीच सांगून ठेवा: छेद छातीपोटाच्या मधोमध, एका रेषेत. आडवेतिडवे काप शिवणीत लपत नाहीत.

बेडूक, साप, मासे यांना १० टक्के फॉर्मॅलिन (नमुने टिकवणारं रसायन) लागतं, म्हणजे बाजारातलं फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. ते सुईने पोटातही भरा. नाहीतर बाहेरून घट्ट, आतून कुजलेलं असा प्रकार होतो. नंतर पाण्यात धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिनआधीच ऊतीचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. बेडकाचा हिरवा रंग टिकत नाही, म्हणून रंगाचे फोटो ताजेपणीच काढा.

मेलेल्या माकडाला मात्र हात लावू नका, विशेषतः सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या सत्तरी भागात. तिथे माकडतापाचा धोका आहे आणि तो गोचिडीतून माणसात येतो. पशुसंवर्धन आणि आरोग्य विभागाला कळवा. एका जागी कावळे किंवा कोंबड्या मरून पडल्या असतील तर बर्ड फ्लूची शंका धरून तेच करा.

चिठ्ठी आणि 'स्थानिक'पण

चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, मृत्यूचं कारण, लिंग, मापं आणि परवानगी क्रमांक हवा. पेन्सिलीने लिहा, प्रिंटरची शाई अल्कोहोलमध्ये सुटते. एक चिठ्ठी नमुन्याला बांधा, एक पिशवीबाहेर लावा.

शाळा-कॉलेजांना नमुने पुरवणाऱ्यांकडून बरणी आणली तर ठिकाण कळत नाही, आणि आत आफ्रिकन मांगूर किंवा तिलापियासारखा परदेशी मासा निघतो. मासे हवे असतील तर हर्णै किंवा मालवणच्या बंदरावर, जाळ्यात आलेले, ओळख पटवून घ्या. पण देवमुशी (व्हेल शार्क) आणि काही पाकट संरक्षित आहेत. उसन्या नमुन्यांसाठी आकुर्डीचं झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था) पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) इथे आधी विचारावं.

उसना नमुना आला की लगेच कपाटात नको. पिशवीत बंद करून दोन आठवडे उणे २० अंशांवर ठेवा, म्हणजे कातडी खाणारे भुंगे व त्यांच्या अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दव धरतं. जुन्या भरलेल्या प्राण्यांना बऱ्याचदा आर्सेनिकचा साबण लावलेला असतो: नायट्राइल हातमोजे व मास्क घाला आणि 'हात लावून पाहा' टेबलावर असा नमुना मुळीच ठेवू नका.