जुन्या घरातली बिडाची शेगडी: व्हरमाँटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेतील व्हरमाँट किंवा न्यू हॅम्पशायर राज्यात जुने घर घेतले, की लाकडावर चालणारी बिडाची शेगडी पुष्कळदा घराबरोबरच ताब्यात येते. १९७३च्या तेलटंचाईनंतर या भागात अशा शेगड्यांना मोठी मागणी आली आणि १९७५ साली रँडॉल्फ गावी सुरू झालेल्या व्हरमाँट कास्टिंग्स या कंपनीच्या शेगड्या आजही अनेक घरांत वापरात आहेत. या वस्तू टिकाऊ आहेत, त्या मोडीत काढू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र धुराडे तपासून घेतल्याशिवाय त्यांत एकही काडी पेटवू नये.

अपुऱ्या हवेत जळणाऱ्या किंवा ओल्या लाकडाचा धूर थंड धुराड्यात साचतो आणि त्याचा डांबरासारखा थर बनतो, ज्याला येथे क्रिओसोट म्हणतात. तो पेटला, तर धुराड्यातील आग घरापर्यंत पोहोचू शकते. आपल्याकडे रात्री निखारे राखेत झाकून ठेवण्याची पद्धत आहे आणि नुसत्या निखाऱ्यांपुरती ती येथेही चालते. परंतु ताजे ओंडके भरून हवेची झडप जवळजवळ बंद करणे हे क्रिओसोट वाढवण्याचे सर्वांत खात्रीचे कारण आहे. शेगडीपासून निघणाऱ्या नळीचे सांधेही पाहावेत: प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू असावेत आणि नळीचे चुण्यांचे, अरुंद टोक शेगडीच्या दिशेला असावे, म्हणजे पातळ झालेले क्रिओसोट बाहेर न ओघळता आतच उतरते.

शेगडीची तपासणी ती पूर्ण थंड असताना करावी. दाराच्या कडेला बसवलेली काचतंतूची दोरी झिजली, की नको तेवढी हवा आत शिरते आणि आग ताब्यात राहत नाही. नोट दारात धरून दार बंद करावे आणि ती ओढून पाहावी. सहज निघून आली, तर त्या जागी दोरी बदलण्याची वेळ झाली आहे. जुन्या दोरीत ॲस्बेस्टॉस (ज्याची धूळ श्वासातून गेल्यास घातक ठरते) असू शकते, त्यामुळे फार जुन्या शेगडीची मूळ दोरी कोरडी खरवडू नये, जाणकारालाच बोलवावे. नवी दोरी मूळ जाडीचीच घ्यावी, खाच साफ करून भट्टीच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या सिमेंटने बसवावी आणि ताणू नये, कारण ताणलेली दोरी बारीक होऊन फट सोडते. बिडाचे पत्रे जिथे जुळतात, तिथले सिमेंटही काळाच्या ओघात गळून पडते. खोलीत अंधार करून शेगडीच्या आत प्रखर दिवा ठेवला, की प्रकाश जिथून बाहेर येतो, त्या फटी लगेच कळतात. बारीक फटी सिमेंटने भरता येतात; पत्राच तडकला असेल किंवा पुष्कळ सांधे सुटले असतील, तर शेगडी पूर्ण उलगडून पुन्हा जोडावी लागते आणि ते काम कारागिराचे आहे. डागडुजीनंतर पहिले दोन-तीन विस्तव लहानच ठेवावेत.

सुरक्षा-चाचणीत मंजूर झाल्याची निर्मात्याची पाटी नसलेली शेगडी ज्वलनशील भिंतीपासून ३६ इंच दूर असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारे यंत्र घरात असलेच पाहिजे.

लाकडातील ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असावा. तो मोजायचे छोटे यंत्र स्वस्त मिळते, पण ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला मोजावा. शुगर मेपल, बीच व पिवळा बर्च हे येथले उत्तम सरपण आहे. लाकूड कॉर्डच्या हिशेबाने, म्हणजे १२८ घनफुटांनी विकले जाते. विक्रेता ते वाळलेले म्हणत असला, तरी स्वतः मोजून घ्यावे.

राख झाकण असलेल्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवावी. तिच्यातील निखारे काही दिवसही धगधगते राहू शकतात. थंडी संपताच शेगडी पूर्ण रिकामी करावी, कारण राख उन्हाळ्यातील दमट हवेत ओलावा धरते आणि बीड गंजवते. धुराडे साफ करणाऱ्याची वेळही तेव्हाच ठरवून टाकावी. पाने गळू लागली, की सगळेच एकदम बोलवतात आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते.